नाताळबंदीचा ठराव

आमच्या दहिवलीच्या ख्रिस्ती मंडळीने एका वर्षी नाताळ बंद केला होता, आणि तो बंद पाडणारी शहाणी मी होते. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. नातवंडांना सांगितलंय, पण सांगताना दर वेळी स्वतःच्या सोयीने सांगितलंय. कधी 'पंचांनी ठरवलं' म्हटलं, कधी 'त्या काळी तसं वातावरणच होतं' म्हटलं. वातावरण-बितावरण काही नव्हतं. अठरा वर्षांची एक मुलगी होती, तिला पोस्टाने एक सर्टिफिकेट आलं होतं, आणि ते तिच्या डोक्यात गेलं होतं. आता गुडघे बोलतात आणि मी ऐकते, अशी अवस्था आहे. तेव्हा मी बोलायचे आणि अख्ख्या मंडळीला ऐकावं लागायचं, म्हणून हे एकदा नीट लिहून टाकते.

आमचं घर चर्चला लागूनच होतं. चर्च म्हणजे काय, एक लांबडी कौलारू खोली, शेणाने सारवलेली जमीन, बसायला सतरंज्या, एक पेटी, एक ढोलकी आणि दाराबाहेरच्या आंब्याला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तीच आमची घंटा. बाबा कर्जतला रेल्वेत फिटर होते, त्यांनी तो तुकडा भंगारातून रीतसर मागून आणला होता. रविवारी सकाळी ते लोखंडी हातोडीने त्यावर ठण ठण असे ठोके द्यायचे, आणि तो आवाज पार नदीपलीकडे जायचा. शेजारच्या पाटीलकाकू त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या. बाबांचं मूळ गाव नगरकडचं, त्यामुळे त्यांचं बोलणं अगदी शुद्ध, त्यातही पवित्र शास्त्राच्या भाषेचा मुलामा. साधं मीठ मागायचं तरी 'जरा मीठ इकडे येऊ दे बरं' असं हळू आवाजात मागायचे. आई इथलीच, कशेळ्याच्या बाजूची. तिचं सगळं 'हाय' आणि 'नाय' मध्ये. मी बाबांसारखं बोलायचे आणि आईला सुधारायचे. आई मशेरी लावता लावता ऐकून घ्यायची, चूळ भरायची आणि परत 'हाय' म्हणायची.

आई सुईण होती. सरकारी नव्हे, हातगुणाची. कशेळ्याच्या वरच्या वाड्यांमधून माणूस धावत यायचा, 'मावशे, चल गं' म्हणायचा, आणि आई चुलीवरची भाकरी तव्यावरच टाकून निघायची. भाकरी उलटायचं काम माझं, आणि ती करपवायचंही. दोन-दोन दिवसांनी आई परत यायची ती पदरात काहीतरी घेऊन. वालाच्या शेंगा, नाचणी, कधी मध, एकदा तर जिवंत कोंबडा. आईला लिहितावाचता येत नव्हतं. पण कुठलं पोर कुठल्या पावसात झालं, उलटं होतं की सुलटं, रडलं लगेच की पाठीत धपाटा घालावा लागला, हे सगळं तिच्या बोटांवर होतं. फक्त तारीख तिला कधीच सांगता यायची नाही.

तारखेचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं सोडली तर सगळ्यांचा जन्म एक जूनचा. आईबाप पोराला शाळेत घालायला आणायचे, मास्तर विचारायचे, 'जन्म कधीचा?' बाप म्हणायचा, 'भात पोटरीत हुतं बघा तवा.' आता भाताची पोटरी रजिस्टरात कशी लिहायची? मास्तर एक जून घालून मोकळे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि मीही त्या पोरांना चिडवायचे. पण माझा स्वतःचा जन्मही दाखल्यावर एक जूनचाच, आणि माझी ठाम समजूत अशी की वर्गात एकटीची माझीच एक जून खरी. का? तर माझी आई सुईण! जिला जगाच्या पोरांचं ठाऊक तिला स्वतःच्या पोरीचं ठाऊक नसेल का? दर एक जूनला बाबा कर्जतहून पुडाभर जिलबी आणायचे, मी नवी रिबन बांधून सगळ्या आळीत मिरवायचे. आई जिलबीचं एक कडं तोंडात टाकायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, कौतुकाने हसतेय.

तर ते सर्टिफिकेट. एक संस्था पोस्टाने बायबल शिकवायची. धडा यायचा, प्रश्न सोडवून पाठवायचे, पुढचा धडा यायचा. मॅट्रिक झाल्यावर मी घरीच होते, मंडळीची चिटणीस म्हणून वृत्तांत लिहायचे. ही चिटणिशी मला अक्षर चांगलं म्हणून मिळाली होती, अकलेचा काही संबंध नव्हता. त्या अभ्यासक्रमात मी बारा धडे सोडवले आणि मला सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आलं. त्यातल्या एका धड्यात होतं की प्रभूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्या मंडळ्या जन्मदिवस पाळत नसत, पंचवीस डिसेंबर हा दिवस पुष्कळ नंतर कोणीतरी ठरवला. प्रभूने आपलं मरण आठवायला सांगितलं, जन्म आठवायला सांगितलं नाही. एवढंच. धडा लिहिणाऱ्याने पुढे 'याचा शांतपणे विचार करा' असंही लिहिलं होतं. ती ओळ मी वाचली नसावी. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी, दुसऱ्या दिवसापासून घरात नाकाने कांदे सोलायला लागले. चांदणीचा कागद बघितला की 'ही मूर्तिपूजा आहे.' आईने अनारशाचे तांदूळ भिजत घातले की 'हे कुठल्या अध्यायात लिहिलंय?' बाबा एकदा इतकंच म्हणाले, "सुवार्ता, अनारसे कुठल्याच अध्यायात नाहीत. पण म्हणून ते वाईट लागत नाहीत." माझं नाव सुवार्ता. म्हणजे आनंदाची बातमी. त्या वर्षी मी जिथे जाईन तिथे लोक माना खाली घालायचे.

नोव्हेंबरात मंडळीची सभा भरली. आमचे पाळकसाहेब लोधिवलीला राहायचे, महिन्यातून एकदा एसटीने यायचे. वय झालेलं, दमा होता, कोट मात्र कायम घातलेला. मी उभी राहिले आणि मुद्दे मांडले. आता आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हटलं, "ज्या दिवसाची खात्री नाही, त्या दिवशी देवासमोर उभं राहून 'आज जन्मला' असं गायचं, म्हणजे उपासनेत खोटं बोलणं. घरी काय करायचं ते करा, पण उपासनेत ते नको." बाबा उठले. म्हणाले, "आज्ञा नाही हे मान्य. पण मनाई तरी कुठे आहे? रविवारी ढोलकी वाजवायची आज्ञा तरी कुठे आहे? माणसाला आनंद झाला की तो देवाच्या घरी येऊन सांगतो, त्याला काय पुरावा लागतो का?" खरं सांगते, आजची मी तिथे असते तर बाबांच्या बाजूने हात वर केला असता. तेव्हा मात्र मला वाटलं, बाबा भावनेच्या आहारी गेलेत. मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, "समजा, माझा वाढदिवस एक जूनला आहे. खरा, पक्का एक जून. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तो भलत्याच दिवशी साजरा केला, तर मला काय वाटेल?"

गायकवाडकाका कौलांकडे बघायला लागले. पाळकसाहेबांना खोकल्याची उबळ आली. बायकांच्या बाजूला आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मुद्दा बिनतोड बसला. आता कळतं की त्या खोलीत निम्मीअधिक माणसं दाखल्यावर एक जूनची होती, आणि उरलेल्या सगळ्यांना माझ्या एक जूनची हकिकत माहीत होती. एकानेही तोंड उघडलं नाही. माणसं किती भली असतात, हे मला फार उशिरा कळलं.

ठराव मंजूर झाला. माझ्या विद्वत्तेमुळे झाला, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. वास्तविक गायकवाडकाकांनी पहिला हात वर केला तो गेल्या नाताळच्या जेवणात त्यांच्या पानात मटणाचा नुसता रस्सा आणि हाडं आली म्हणून. ते ढोलकी वाजवणारे, आमच्या मंडळीतला रुसायचा मान त्यांचा. त्यांच्या मागोमाग त्यांच्या आळीने हात वर केले. चांदणी लावताना ज्याच्या पायाखाली कौलं फुटली होती आणि ज्याला ती भरून द्यावी लागली होती, त्याचाही हात वर. आणि पाळकसाहेब म्हणाले, "त्या दिवशी मला तीन गावांत उपासना असतात. तुमचं जे ठरेल ते." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं. आईने हात वर केला नाही, विरोधातही नाही. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'यंदापासून नाताळनिमित्त उपासना होणार नाही. चर्च बंद राहील. किल्ली चिटणीस यांच्याकडे.'

घरी आल्यावर आई वाल सोलत बसली. सोलता सोलता म्हणाली, "मग पोरांची नावं कवा वाचायची गं?" आमच्याकडे एक रीत होती. नाताळच्या उपासनेत वर्षभरातली नवी बाळं घेऊन आया पुढे यायच्या, पाळकसाहेब एकेकाला हातात घेऊन नाव मोठ्याने वाचायचे आणि मंडळीच्या जुन्या वहीत लिहायचे. ती वही चर्चमधल्या पत्र्याच्या पेटीत असायची आणि वर्षातून एकदाच बाहेर निघायची. मी म्हटलं, "कुठल्याही रविवारी वाचता येतील."

"रखमा रविवारी नाय यायची."

रखमा म्हणजे वरच्या वाडीतली एक बाई, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिची आधीची दोन बाळं गेली होती, दोन्ही आईच्याच हातची. दोन्ही पावसाळ्यात झाली आणि दिवाळीपर्यंतच टिकली. म्हणजे वहीत नाव लागायच्या आधीच गेली. या वर्षी तिला तिसरं झालं होतं, मुलगा, आणि तो दिवाळी ओलांडून चांगला बाळसेदार झाला होता. रखमाच्या मनाने घेतलं होतं की नाताळला वहीत नाव लागलं की पोर जगलं. आणि भात निघालं की त्यांची अख्खी वाडी वीटभट्टीवर जायची. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना न्यायला भट्टीचा टेंपो यायचा होता, ते थेट पावसाच्या तोंडावर परत. हे सगळं आईने मला सांगितलं. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "वहीत नाव लिहिल्याने पोर जगतं, ही अंधश्रद्धा आहे आई." आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. पोर अडलं की ती जशी बघायची, तशी. मग शेंगा सोलायला लागली.

तो डिसेंबर मला अजून ऐकू येतो, म्हणजे त्याची शांतता ऐकू येते. दर वर्षी या दिवसांत संध्याकाळी गायनाची तालीम असायची, गायकवाडकाकांची ढोलकी, बाबांची पेटी, आणि कोणाचा तरी वरच्या पट्टीत फाटलेला आवाज. त्या वर्षी काहीच नाही. पाटीलकाकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय गं, यंदा गाणी नाय तुमची? कुणी गेलं का?" मी त्यांना मंडळ्यांचा इतिहास समजावून सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे गेलं नाय ना कुणी? मग बरं हाय." आणि नाताळच्या चार दिवस आधी आईने कढई चढवली. मी दारात उभी राहून जाब विचारला. आई म्हणाली, "पाटलीणीचं दिवाळीचं ताट पडलंय आपल्याकडं. रिकामं परत करू का?" आईने पहिली करंजी झाऱ्यावर काढली, निथळली आणि दर वर्षीसारखी माझ्यापुढे धरली. "चव बघ."

दर वर्षी पहिली करंजी माझीच असायची. लहानपणी मी ती पळवायला कढईशीच बसून असायचे. त्या दिवशी मी हात मागे घेतला. म्हटलं, "मी सणाचं खाणार नाही." आईने ती करंजी बाजूला ठेवली, दुसऱ्या करंज्यांत नाही टाकली, निराळी ठेवली. माझ्या ते लक्षात आलं होतं, आणि तरी मी ताठ मानेने बाहेर गेले. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केलाय, पण त्या करंजीएवढा दुसरा नाही.

नाताळची सकाळ उजाडली. मी मुद्दाम जुना, बाहीला ठिगळ लावलेला झगा घातला आणि ओट्यावर पुस्तक घेऊन बसले, जेणेकरून येणाऱ्या-जाणाऱ्याला आज काहीच नाही हे कळावं. येणारं-जाणारं कोणी नव्हतंच. थंडी होती, नदीवरून धुकं येत होतं. बाबांनी रजा काढली होती, का ते मी विचारलं नाही. तेवढ्यात रखमा आली. पुढे ती, पाठीमागे तिचा नवरा, तिच्या कडेवर लुगड्याच्या फाळक्यात गुंडाळलेलं बाळ. वाडीतून अंधारात उतरून कशेळ्याला, तिथून जीपने कर्जत, कर्जतहून चालत दहिवली. डोक्याला तेल, कपाळावर केस चापून बसवलेले, बाळाच्या अंगात माझ्या आईने दिलेलं पिवळं झबलं. ती चर्चच्या पायरीशी गेली, कुलूप बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"अजून उघाडलं नाय?"

मी पुस्तक मिटलं आणि तिला समजावलं. देवाशप्पथ, समजावलं. की बाई गं, आज प्रभूचा जन्म झाला असं शास्त्रात नाही, म्हणून आज उपासना नाही. रखमाने नीट ऐकलं.

"मंग कवा झाला?"

"ते कोणालाच माहीत नाही."

रखमाचा चेहरा उजळला. बाळाला वर सरकवत म्हणाली, "याची तारीखबी कुनाला नाय ठावी. मंग तं बरंच हाय की." आणि पायरीवर बसली, दार उघडायची वाट बघत.

माझ्याकडे बारा धडे होते, सोनेरी किनार होती, मंजूर ठराव होता. आणि समोर ती बाई पायरीवर बसलेली, तिला उद्या टेंपो गाठायचा. आई घरातून बाहेर आली होती. नुसती दाराशी उभी राहिली. ती काही बोलली असती तर मी वाद घातला असता, याची मला खात्री आहे. बाळ जागं झालं आणि माझ्याकडे बघून त्याने भलीमोठी जांभई दिली. मी उठले. किल्ली कमरेला होती ती काढली, कुलूप उघडलं, आणि मग, काय अवदसा आठवली कोण जाणे, आंब्याखाली गेले आणि हातोडी उचलून त्या रुळावर ठोके घातले. ठण, ठण, ठण. बाबांसारखा ताल काही जमला नाही.

मला वाटलं होतं, लोक भांडायला येतील. ठराव मोडला म्हणून. दहा मिनिटांत सगळी मंडळी हजर. बायका कोऱ्या लुगड्यांत, पोरं नव्या कपड्यांत, केसांना तेल, हातात फराळाचे डबे. कोणाची इस्त्री मोडलेली नाही. हात वर करून नाताळ बंद केलेली ही सगळी माणसं सकाळपासून नटून आपापल्या घरात बसून होती! गायकवाडकाका तर ढोलकी गळ्यात अडकवूनच आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सहज. बाहेर जायचं होतं." बाबा कोट घालून बाहेर आले, कोटाच्या खिशात गायनाचं पुस्तक आधीच होतं. अख्ख्या खोलीत जुन्या ठिगळाच्या झग्यात मी एकटी.

पाळकसाहेब नव्हते, त्यांना 'येण्याची तसदी घेऊ नये' असं पोस्टकार्ड मीच पाठवलं होतं. म्हणून बाबांनी प्रार्थना केली आणि मला म्हणाले, "चिटणीसबाई, वही काढा." मी पत्र्याची पेटी उघडली, वही काढली आणि तोऱ्यात पहिल्या पानापासून उघडली. पहिल्या पानावर आमच्या जुन्या पाळकांचं अक्षर होतं, ज्यांनी ही मंडळी उभी केली आणि माझ्या जन्मानंतर दोन-तीन वर्षांत जे वारले. मला सवय, काही दिसलं की मोठ्याने वाचायची. मी वाचलं, 'ज्या लेकरांची जन्मतारीख कोणास ठाऊक नाही, त्यांची नाताळची लिहावी. ज्याचा जन्म आपण या दिवशी मानतो, त्याची तारीख तरी कोणास ठाऊक आहे? एकमेकांना सोबत होईल.'

म्हणजे हे त्या म्हाताऱ्याला माहीत होतं. माझ्या सर्टिफिकेटच्या कितीतरी आधी, पोस्टाच्या बारा धड्यांशिवाय माहीत होतं, आणि त्याने त्यावरून नाताळ बंद केला नव्हता. कोणी हसलं नाही. गायकवाडकाकांनी ढोलकीची दोरी उगाच ओढून बघितली.

बाबांनी बाळ हातात घेतलं. "नाव?" रखमा म्हणाली, "दानी." आईने तिला दानिएलाची गोष्ट सांगितली होती, सिंहांच्या खड्ड्यातून जिवंत निघालेल्या माणसाची. दोन गेल्यावर आलेल्या पोराला रखमाला दुसरं नाव सुचलंच नव्हतं. बाबांनी मोठ्याने वाचलं, "दानिएल." मी लिहिलं. पुढच्या रकान्याशी लेखणी थांबली. मी आईकडे बघितलं. "आई, हा कधी झाला गं? वार तरी?" आई म्हणाली, "पाऊस होता बाय. चिखलात भाताची आवणी चाललेली. वार बघायला सवड कुणाला?" मी रकान्यात लिहिलं, 'नाताळ'. रखमाने विचारलं, "लागलं?" मी म्हटलं, "लागलं." ती मटकन खाली बसली आणि पोराला छातीशी घेऊन रडायला लागली. तिचा नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत, 'लागलं ना, लागलं ना आता' म्हणत राहिला. मला अक्षर दिसेना, म्हणून मी शाई वाळवायच्या निमित्ताने वहीची पानं उलटत बसले.

मागच्या पानांवर 'नाताळ', 'नाताळ', 'नाताळ'. गायकवाडकाकांची दोन्ही पोरं नाताळची. चांदणी लावताना कौलं फोडणारा तोही नाताळचा. अजून मागे गेले, जुन्या पाळकांच्या अक्षरापर्यंत. तिथे एका ओळीत होतं, 'सुवार्ता. आई गंगूबाई, सुईण. जन्म: नाताळ.'

उपासना संपेपर्यंत मी कशी गायले, काय गायले, काही आठवत नाही. लोक फराळाला बसल्यावर मी आईला भिंतीशी गाठलं. "आई, एक जून?"

"ती मास्तरांनी घातली."

"मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला हौस होती मिरवायची. नि तुझ्या बाबांना जिलबी आवडते." मग म्हणाली, "तू झोडणीच्या दिसांतली. मी खळ्यावर होती, कळा आल्या, तिथंच पेंढ्यात झालीस. तुझे बाबा ड्युटीवर. वार नाय का तारीख नाय. नाताळला तुझं नाव वाचलं, तवापासून मी नाताळच धरते. पयली करंजी दर साली कुणाला देते मी?"

आईने कमरेची चंची सोडली, तिच्यात मशेरीच्या डबीशेजारी कागदात गुंडाळलेली ती करंजी होती. चार दिवसांची, कडा मोडलेली, थोडा मशेरीचा वास लागलेली. मी ती सगळ्या मंडळीसमोर, ठिगळाच्या झग्यात, उभ्या उभ्या खाल्ली. हुंदका आणि सारण एकदम घशात गेलं आणि मला असा ठसका लागला की गायकवाडकाकांनी पाठीत धपाटे घातले. त्या वर्षी मटण नव्हतं, तरी ते अगदी खुशीत होते.

ठराव कधी रद्द झाला नाही. पुढच्या वर्षी कोणी त्याचा विषयच काढला नाही, आणि वृत्तांताच्या वहीत तो माझ्या वळणदार अक्षरात अजून मंजूरच आहे. प्रश्न खोटा होता असंही मी म्हणत नाही. हल्ली आमच्याकडच्या फार्महाऊसांवर लाल टोप्या घालून जे काही वाजतं, ते ऐकलं की मला ते बारा धडे परत काढावेसे वाटतात. माझ्या आधार कार्डावर एक जूनच आहे, बँक त्या दिवशी मला शुभेच्छा देते, आणि बाबा गेल्यापासून त्या दिवशी घरात जिलबी येत नाही.

आई गेली त्या वर्षी नाताळच्या आधी मी कढई चढवली. पहिली करंजी झाऱ्यावर काढली, निथळली, आणि मग लक्षात आलं की ही आता माझ्यापुढे धरणारं कोणी नाही. झारा हातात धरून मी तशीच बसून राहिले, तेल तापून धुरावलं. इतक्यात बाहेर टेंपो थांबला. दानी होता, कशेळ्याहून वालाच्या शेंगांचं पोतं घेऊन आलेला, आता त्यालाच दोन पोरं आहेत. आईच्या पाटाशी येऊन उभा राहिला. मी झारा त्याच्यापुढे धरला.

"चव बघ," म्हटलं.